डॉक्युमेंटेशनमध्ये नुसतं "डेप्थ-फर्स्ट" लिहिलं तर क्रम कळतो का?

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. मी आणि भुसावळचा एक मित्र मिळून एक छोटी पायथन लायब्ररी चालवतो, पतसंस्थांच्या हिशोबासाठी. खात्यांची उतरंड असते ना, मुख्य गट, त्याखाली उपगट, त्याखाली खाती, ती ट्री म्हणून साठवायची आणि त्यातून तेरीज, ताळेबंद काढायचा, एवढंच काम. आधी ओळखीचेच लोक वापरायचे, आता अनोळखी लोकही वापरायला लागलेत म्हणून डॉक्युमेंटेशन नीट लिहायला बसलो तर पहिल्याच फंक्शनवर गाडी अडली.

आमचं वॉक नावाचं फंक्शन आधी गट देतं, मग त्याच्या पोटातली खाती, मग पुढचा गट. मित्राने त्यासमोर लिहिलंय, "सगळे नोड डेप्थ-फर्स्ट क्रमाने देतं". नोड म्हणजे ट्रीतला प्रत्येक गट किंवा खातं, आणि डेप्थ-फर्स्ट म्हणजे एका गटात शिरलं की तळापर्यंत जाऊन मगच पुढचा गट. माझं म्हणणं, यातून अर्धीच गोष्ट कळते. गट आधी का खाती आधी हे सांगितलंच नाही. तेरीज छापायची तर गटाचं नाव वर पाहिजे, पण गटाची बेरीज करायची तर आधी खात्यांच्या रकमा हातात पाहिजेत, आणि दोन्ही प्रकारे फिरलं तरी ते डेप्थ-फर्स्टच. मित्र म्हणतो सगळं जग असंच लिहितं, तू फार कीस काढतो.

तर प्रीऑर्डर (गट आधी, मग त्याच्या पोटातलं) लिहायचं, टॉप-डाउन लिहायचं, का सरळ वाक्यात सांगायचं? आणि तुम्ही रोज वापरता त्या लायब्ऱ्यांत काय लिहिलेलं असतं?

शेव_एक्स्ट्रा_तिखट

डेप्थ-फर्स्ट म्हणजे प्रीऑर्डर. सगळ्यांना माहीत आहे. धागा बंद करा, जेवायची वेळ झाली.

धुळेकरीण

शेवभाऊ, सगळ्यांना माहीत आहे ते जावावाल्यांना कोणी कळवलं नाही वाटतं :)

जावाच्या स्विंगमध्ये (खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) डिफॉल्टम्यूटेबलट्रीनोड नावाचा क्लास आहे. त्यात प्रीऑर्डर एन्युमरेशन, पोस्टऑर्डर एन्युमरेशन, ब्रेड्थ-फर्स्ट (एकेक पातळी करत) एन्युमरेशन आणि डेप्थ-फर्स्ट एन्युमरेशन अशा चार मेथड आहेत. आता डेप्थ-फर्स्टवाली कोणाची जुळी असेल सांगा? डॉक्युमेंटेशनमध्ये चक्क लिहिलंय की पहिला मिळणारा नोड म्हणजे सगळ्यात डावीकडचं पान (ज्याखाली काही नाही असा नोड), आणि ही मेथड पोस्टऑर्डरसारखीच आहे. म्हणजे आधी पोरं, शेवटी रूट (सगळ्यात वरचा नोड).

आणि त्याच जावात फाइल्स डॉट वॉक आहे, जावा ८ मधलं. तिथेही डेप्थ-फर्स्टच लिहिलंय, पण तिथे फोल्डर आधी येतं आणि आतल्या फाइली मागून. एकच जेडीके (जावाचा संच), एकच शब्द, उलटसुलट क्रम. त्यामुळे गिरणाकाठ, तुमचा कीस काढणं बरोबर आहे.

शेव_एक्स्ट्रा_तिखट

काय सांगू राह्यल्या ताई! थांबा बघतो.

शेव_एक्स्ट्रा_तिखट

बघितलं. आहे भो खरंच. पण स्विंग आता कोण वापरतं?

धुळेकरीण

आम्ही. रोज. पुढचा प्रश्न विचारू नका.

सातपुड्याचा_वारा (चोपडा)

लिनक्सवाल्यांचंही ऐका मग. फाइंड कमांड मुळातच डेप्थ-फर्स्ट चालते, एका फोल्डरात शिरली की तळापर्यंत जाऊन मगच शेजारच्या फोल्डरात. तरीसुद्धा तिला मायनस डेप्थ असा वेगळा पर्याय आहे. त्याचा अर्थ, फोल्डरच्या आधी त्याच्या आतलं सगळं. म्हणजे पोस्टऑर्डर. सी मध्ये एनएफटीडब्ल्यू फंक्शनला एफटीडब्ल्यू डेप्थ नावाचा फ्लॅग आहे त्याचंही तेच, फक्त तिथे मॅन पेजवर पोस्टऑर्डर हा शब्द लिहून वर कंसासकट समजावलंय की एरवी फोल्डर आधी येतं. तर युनिक्सवाल्यांच्या आणि स्विंगवाल्यांच्या भाषेत डेप्थ म्हणजे पोरं आधी, आणि ब्राउझरवाल्यांच्या भाषेत बाप आधी.

आणि हे नुसतं शब्दांचं भांडण नाही. फाइंडला मायनस डिलीट दिलं की मायनस डेप्थ आपोआप लागू होतं, कारण भरलेलं फोल्डर काढता येत नाही, आधी आतलं रिकामं करावं लागतं. पण मायनस डेप्थ लागू झालं की मायनस प्रून निकामी. उघड आहे, फोल्डरपाशी पोचेपर्यंत आतलं सगळं उरकलेलं असतं, आता "आत जाऊ नको" सांगून काय फायदा. ग्नू फाइंडमध्ये डिलीट आणि प्रून एकत्र दिसले तर ते काम न करता थांबतं आणि म्हणतं तरीही करायचंच असेल तर मायनस डेप्थ स्वतः लिहा. आमच्या जुन्या ऑफिसात एका बहाद्दराने त्या मेसेजचा फक्त शेवटचा भाग वाचला. लिहिलं मायनस डेप्थ. जे बॅकअपचं फोल्डर वगळायचं होतं त्यातले लॉग पण साफ. संध्याकाळपर्यंत सगळं ऑफिस त्याच्या खुर्चीमागे उभं.

केळीवाला_रावेर

ट्री ट्री चाललंय म्हणून आलो. आमच्याकडे पण झाडं आहेत पण केळीला फांद्याच नसतात, ती लिंक्ड लिस्ट, एकामागे एक नुसती साखळी. तिथे प्रीऑर्डर घ्या नाहीतर लेव्हल-ऑर्डर (पातळीवार), घड एकच.

शेव_एक्स्ट्रा_तिखट

हा हा, पण पोस्टऑर्डर घेतला तर उलटं येईल ना दादा. घड आधी, बुंधा मागून.

केळीवाला_रावेर

भाव पण तसाच ठरतो, माल गेल्यावर.

अमळनेरचे_मास्तर

चर्चा छान चालू आहे. मी बरीच वर्षं डेटा स्ट्रक्चर शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. एक ट्री घेऊ म्हणजे सगळे एकाच पानावर येतील. रूट खान्देश. त्याला दोन मुलं, जळगाव आणि धुळे. जळगावखाली भुसावळ आणि चोपडा, धुळ्याखाली शिरपूर आणि साक्री.

प्रीऑर्डर: खान्देश, जळगाव, भुसावळ, चोपडा, धुळे, शिरपूर, साक्री.
पोस्टऑर्डर: भुसावळ, चोपडा, जळगाव, शिरपूर, साक्री, धुळे, खान्देश.
इनऑर्डर: भुसावळ, जळगाव, चोपडा, खान्देश, शिरपूर, धुळे, साक्री.
लेव्हल-ऑर्डर: खान्देश, जळगाव, धुळे, भुसावळ, चोपडा, शिरपूर, साक्री.

पहिले तिन्ही डेप्थ-फर्स्ट आहेत. तिघांतही पाय त्याच वाटेने चालतात, जळगावात शिरलो की जळगाव संपवूनच धुळ्याला. फरक एवढाच की वाटेत नोडचं नाव वहीत कधी लिहिलं. पोचल्याबरोबर, मधे, का निघताना. म्हणून डेप्थ-फर्स्ट हे फिरण्याच्या वाटेचं वर्णन आहे, यादीच्या क्रमाचं नाही. यादी देणाऱ्या फंक्शनसमोर नुसतं डेप्थ-फर्स्ट लिहिणं अपुरं, गिरणाकाठशी सहमत.

नंदुरबारी

मास्तर, आमचा जिल्हा कुठे गेला?? १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळे झालो, तुमच्या वहीत अजून नोंद नाही का.

अमळनेरचे_मास्तर

अहो मुद्दाम वगळला. आता तुम्हीच आलात तर घ्या. खान्देशाला तिसरं मूल नंदुरबार, त्याखाली शहादा आणि नवापूर. प्रीऑर्डर, पोस्टऑर्डर, लेव्हल-ऑर्डर तिघांनाही काही त्रास नाही, नंदुरबारची मंडळी आपापल्या जागी येऊन बसतात. आता इनऑर्डर सांगा. खान्देश कुठे लिहायचा? जळगाव संपल्यावर का धुळे संपल्यावर?

नंदुरबारी

धुळ्यानंतर. आम्हाला वेगळा मान पाहिजे.

धुळेकरीण

आमच्यानंतर का, जळगावनंतर लिहा, मग धुळे-नंदुरबार एकत्र राहतील जुन्यासारखे.

अमळनेरचे_मास्तर

झालं. म्हणून दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या ट्रीला इनऑर्डरचा सर्वमान्य अर्थ नाही. १९०६ ला जिल्ह्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोनच भाग झाले तेव्हा ट्री बायनरी होता, इनऑर्डर बिनबोभाट चालला असता :) बी-ट्रीत (डेटाबेसात वापरतात तो ट्री) चालतं कारण तिथे दोन मुलांच्या मधे एक एक की, म्हणजे शोधायचं मूल्य, बसलेली असते. पण सर्वसाधारण ट्रीच्या लायब्ररीत कोणी इनऑर्डर नावाची मेथड दिली असेल तर पहिलं मूल आधी आणि बाकी सगळी नंतर, का आणखी काही, हे डॉक्युमेंटेशनमध्ये शोधल्याशिवाय वापरू नका.

सातपुड्याचा_वारा

याच्यात एक गंमत बघा, जिथे आतून इनऑर्डर चालतं तिथे तो शब्द डॉक्युमेंटेशनमध्ये नसतोच. सी प्लस प्लसचा मॅप घ्या. बहुतेक ठिकाणी आतून रेड-ब्लॅक ट्री (एक प्रकारचा बायनरी ट्री) असतो, पण वापरणाऱ्याला सांगितलेलं काय, तर कीच्या चढत्या क्रमाने मिळेल. मला तर हेच बेस्ट वाटतं. मला ट्री कसा चालला त्याचं काय करायचंय, माझ्या हातात कोणत्या क्रमाने पडतं ते सांगा.

बागलाणचा_भो (सटाणा)

आमचं पण ऐका. बागलाण आणि मालेगाव, कागदावर नाशिक जिल्हा, घरात अहिराणी. आम्ही कोणाच्या खाली येतो?

शेव_एक्स्ट्रा_तिखट

दोन पालक. ट्री मोडला. डीएजी (दिशा असलेला पण फिरून त्याच जागी न येणारा ग्राफ) झाला.

अमळनेरचे_मास्तर

बरोबर. आणि मग व्हिजिटेड सेट (भेटून झालेल्या नोडची नोंद) ठेवला नाही तर सटाणा दोनदा छापला जाईल, एकदा नाशिकमधून, एकदा खान्देशातून. पण डीएजीवर पोस्टऑर्डरचा एक फार मोठा उपयोग आहे. तो उलटा केला की टोपोलॉजिकल क्रम मिळतो, म्हणजे ज्यावर दुसरं अवलंबून आहे ते आधी. नेटवर्कएक्स या ग्राफच्या लायब्ररीत डीएफएस (डेप्थ-फर्स्ट सर्च) प्रीऑर्डर नोड्स आणि डीएफएस पोस्टऑर्डर नोड्स अशी वेगवेगळी नावंच दिलीत, रस्टच्या पेटग्राफमध्येही डीएफएस वेगळा आणि डीएफएस पोस्टऑर्डर वेगळा. ग्राफवाले या बाबतीत शिस्तीचे. कंपायलर आणि बिल्ड टूल लिहिणाऱ्यांना उलटा पोस्टऑर्डर रोज लागतो म्हणून असेल.

गिरणाकाठ

आमच्याकडे एक खातं दोन गटांत टाकूच देत नाही. टाकलं तर रक्कम दोनदा धरली जाईल आणि ताळेबंद जुळणार नाही. तेवढं बरं.

तापी_कोडर

मी थोडं उलट बोलतो, रागावू नका. क्रम सांगायचाच कशाला? पायथनचं एएसटी (प्रोग्रामच्या कोडचा ट्री) डॉट वॉक बघा. डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, सगळे वंशज नोड देतो, क्रम ठरलेला नाही, संदर्भाची फिकीर नसेल तेव्हा वापरा. आत कोड उघडून बघितलात तर डेक आहे, पुढून काढतात मागे टाकतात, म्हणजे लेव्हल-ऑर्डर. पण ते वचन देत नाहीत. उद्या आतलं बदलायचं असलं तर मोकळे. तुम्ही आज प्रीऑर्डर लिहून दिलं की जन्मभर अडकलात. छोट्या लायब्ररीने जितकी कमी वचनं द्यावीत तितकं बरं.

धुळेकरीण

पटतं पण अर्धंच. तुम्ही लिहा न लिहा, लोक जे दिसतं त्यावर कोड उभा करतात. एएसटी वॉकच्या आजच्या क्रमावर विसंबलेला कोड कुठे ना कुठे असणारच, लिहून ठेवलेलं असून. आणि क्रम नाही सांगितला तर गिरणाकाठच्या लायब्ररीचा उपयोग काय? तेरीज छापताना खाती आधी आणि गटाचं नाव मागून आलं तर सचिव साहेब काय म्हणतील.

तापी_कोडर

म्हणून तर जितकं लागतं तितकंच वचन द्या म्हणतोय. छापणाऱ्याला काय लागतं? गट त्याच्या खात्यांच्या आधी, आणि एका गटाची खाती सलग. बेरीज करणाऱ्याला काय लागतं? खाती गटाच्या आधी, बस. ती सलग आली काय, विखरून आली काय, बेरजेला फरक पडत नाही. मास्तरांच्या ट्रीत लेव्हल-ऑर्डर उलटा केला तरी प्रत्येक तालुका जिल्ह्याच्या आधी येतो, बेरीज बरोबरच येणार.

अमळनेरचे_मास्तर

हा मुद्दा चांगला आहे. टॉप-डाउन आणि बॉटम-अप या शब्दांत एवढंच वचन असतं, पालक आधी किंवा मूल आधी. प्रीऑर्डर आणि लेव्हल-ऑर्डर दोन्ही टॉप-डाउन. जिथे तेवढंच पुरतं तिथे तेवढंच लिहावं.

सातपुड्याचा_वारा

पायथनचं ओएस डॉट वॉक याच शब्दांत लिहिलंय. टॉपडाउन ट्रू असेल तर फोल्डरची नोंद त्याच्या उपफोल्डरांच्या आधी, फॉल्स असेल तर नंतर. आणि पुढची ओळ त्याहून कामाची. टॉपडाउन असताना मिळालेल्या उपफोल्डरांच्या यादीतून एखादं नाव जागच्या जागी काढलं तर तिकडे जाणारच नाही, पण फॉल्स असताना ती यादी बदलून काही होत नाही. म्हणजे क्रमाबरोबर वाटेत काय बदलता येईल तेही सांगितलं. भावंडांच्या क्रमाचं मात्र वचन नाही, डिस्कने जसं दिलं तसं. त्याउलट गो भाषेचं वॉकडिर म्हणतं नावांच्या कोशक्रमाने फिरणार, म्हणजे प्रत्येक वेळी तोच निकाल.

शेव_एक्स्ट्रा_तिखट

भावंडांवरून आठवलं. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) टाळायला स्टॅक (शेवटी टाकलेलं आधी निघतं अशी चळत) वापरला आणि मुलं डावीकडून उजवीकडे स्टॅकवर टाकली तर बाहेर येताना उजवीकडचं आधी येतं. खान्देश, धुळे, साक्री, शिरपूर, जळगाव, चोपडा, भुसावळ. पालक आधी आहे, सलग आहे, पण भावंडं सगळी उलटी. याला प्रीऑर्डर म्हणायचं का नाही?

अमळनेरचे_मास्तर

उजवीकडून घेतलेला प्रीऑर्डर. आणि तीच यादी शेवटापासून वाचा, भुसावळ, चोपडा, जळगाव, शिरपूर, साक्री, धुळे, खान्देश. ओळखीचा क्रम आहे ना? पोस्टऑर्डर. दोन स्टॅक वापरून पोस्टऑर्डर काढायची जी युक्ती शिकवतात ती हीच. पण साधा डावीकडून घेतलेला प्रीऑर्डर उलटा केला तर पोस्टऑर्डर येत नाही, साक्री, शिरपूर, धुळे असं सुरू होतं. परीक्षेत निम्मी मुलं इथे घसरतात.

धुळेकरीण

आणि फोल्डर डिलीट करताना जावावाले नेमकं तसलंच करतात, फाइल्स डॉट वॉकची यादी घ्यायची, उलट्या क्रमाने सॉर्ट करायची, एकेक काढत जायचं. पोस्टऑर्डर नाही पण मुलं पालकांच्या आधी येतात, तेवढं पुरतं. तापीभाऊंचा मुद्दा.

बागलाणचा_भो

डेटाबेसवाला म्हणून दोन ओळी. पोस्टग्रेस १४ पासून रिकर्सिव्ह क्वेरीत सर्च डेप्थ फर्स्ट बाय लिहिता येतं. पण लिहिलं म्हणजे ओळी आपोआप त्या क्रमाने येत नाहीत, ते नुसता एक कॉलम तयार करून देतं, त्यावर ऑर्डर बाय तुम्हीच लावायचं. लावलं की पालक आधी. तोच कॉलम उतरत्या क्रमाने लावून पोस्टऑर्डर मिळेल असं वाटत असेल तर वरचं मास्तरांचं साक्री-शिरपूर वाचा. ऑरॅकलच्या कनेक्ट बाय मध्ये भावंडांसाठी ऑर्डर सिब्लिंग्ज बाय अशी वेगळी सोयच आहे, मला ती फार आवडते.

नंदुरबारी

मला एक सांगा, हे प्री, पोस्ट नावं कोणी ठेवली? पोस्ट म्हटलं की मला अजून खाकी पिशवीच आठवते.

अमळनेरचे_मास्तर

कोणी ठेवली ते बाजूला, पण ती नावं एकदा सरकली आहेत. डोनाल्ड कनूथ यांच्या द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंगच्या पहिल्या खंडाच्या १९६८ च्या आवृत्तीत पोस्टऑर्डर म्हणजे आज आपण ज्याला इनऑर्डर म्हणतो तो होता, आणि आजच्या पोस्टऑर्डरला एंडऑर्डर म्हटलं होतं. दुसऱ्या आवृत्तीत ते आजच्यासारखं झालं. त्यामुळे जुन्या नोट्समध्ये पोस्टऑर्डर दिसला तर आधी उदाहरण बघायचं, मग नाव.

शेव_एक्स्ट्रा_तिखट

म्हणजे तिथेही गोंधळच. मग मी डेप्थ-फर्स्ट म्हणजे प्रीऑर्डर म्हणालो त्यात काय बिघडलं, डॉमचं (ब्राउझरमधल्या वेबपानाचा ट्री) स्टँडर्ड पण तेच म्हणतं.

सातपुड्याचा_वारा

नाही म्हणत. डॉमच्या स्टँडर्डमध्ये ट्री ऑर्डरची व्याख्या "प्रीऑर्डर, डेप्थ-फर्स्ट" अशी दोन्ही शब्दांत आहे. एक शब्द पुरला असता तर दुसरा कशाला लिहिला असता? गो च्या १.२३ मध्ये एएसटीसाठी प्रीऑर्डर नावाचं फंक्शन आलं, त्याच्यासमोरही दोन्ही शब्द. एक्सएमएलवाले डॉक्युमेंट ऑर्डर म्हणतात, ते त्यांना शोभतं कारण फाइलमध्ये सुरुवातीचा टॅग ज्या क्रमाने दिसतो तोच क्रम, बघूनच कळतं.

भुसावळ_जंक्शन

तो भुसावळचा मित्र मीच. माझ्या माघारी एवढी पंगत बसली ते आज कळलं.

माझी बाजू कोणी विचारलीच नाही म्हणून सांगतो. स्विंगचं मला माहीत नव्हतं, ते सोडून द्या. पण प्रीऑर्डर लिहायला माझा विरोध का होता, तर आमची लायब्ररी वापरणारे निम्मे लोक कॉम्प्युटरवाले नाहीत. बी.कॉम. झालेले, टॅली करता करता थोडं पायथन शिकलेले. त्यांना प्रीऑर्डर म्हणजे आगाऊ मागणी वाटते. खरंच एकाने विचारलं होतं. डेप्थ-फर्स्ट निदान काहीतरी खोल खोल जातंय असं तरी वाटतं.

धुळेकरीण

मग दोन्ही शब्द नकोत. डी३ (जावास्क्रिप्टची आलेख काढायची लायब्ररी) च्या हायरार्कीचं डॉक्युमेंटेशन वाचा. ईच, ईचबिफोर, ईचआफ्टर. नावातच बिफोर आणि आफ्टर. आणि ईचआफ्टरखाली पोस्टऑर्डर हा शब्द देऊन लगेच पुढे वाक्य, की नोडची पाळी त्याचे सगळे वंशज होऊन गेल्यावरच येते. ज्याला शब्द येतो तो शब्दावर थांबतो, ज्याला येत नाही तो वाक्य वाचतो. फक्त साधं ईच म्हणजे ब्रेड्थ-फर्स्ट आहे हे लक्षात ठेवा, मी गृहीत धरलं असतं प्रीऑर्डर.

केळीवाला_रावेर

मराठीत लिहा ना, पूर्वक्रम उत्तरक्रम.

भुसावळ_जंक्शन

मग बी.कॉम.वाले आणि बी.ई.वाले दोघंही सारखेच अडतील, समान न्याय.

तापी_कोडर

फंक्शन एकच ठेवून टॉपडाउनसारखा ट्रू-फॉल्स फ्लॅग मात्र नका देऊ. सहा महिन्यांनी कोणी वॉक कंसात फॉल्स असं लिहिलेलं वाचलं तर काय फॉल्स ते शोधत बसेल. पायथनच्या ओएस वॉकमध्ये चालून जातं कारण लोक नाव देऊन लिहितात. दोन वेगळी फंक्शन द्या.

गिरणाकाठ

सगळं वाचून मसुदा केलाय, सांगा कसा वाटतो. वॉक काढून दोन फंक्शन. पहिल्यासमोर:

"प्रत्येक गट त्याच्या उपगटांच्या आणि खात्यांच्या आधी देतो, आणि एका गटाखालचं सगळं संपल्यावरच पुढचा गट सुरू करतो (प्रीऑर्डर). एका गटातले नोड खाते क्रमांकाच्या चढत्या क्रमाने येतात. तेरीज किंवा यादी छापायला हे वापरा."

दुसऱ्यासमोर:

"प्रत्येक गट त्याच्याखालचे सगळे उपगट आणि खाती देऊन झाल्यावर देतो (पोस्टऑर्डर). गटांच्या बेरजा करायला हे वापरा, गट हातात येईपर्यंत त्याच्या सगळ्या रकमा येऊन गेलेल्या असतात."

त्याखाली मास्तरांसारखा एक छोटा ट्री आणि दोन्ही याद्या. डेप्थ-फर्स्ट हा शब्द कुठेच नाही. भुसावळवाले, चालेल?

भुसावळ_जंक्शन

चालेल. उदाहरणात खरी खाती टाक पण, ठेवी, त्याखाली बचत ठेव, मुदत ठेव, आवर्त ठेव. तालुके टाकले तर नंदुरबारी आणि बागलाणवाले इश्यू उघडत बसतील.

तापी_कोडर

दुसऱ्यात भावंडांच्या क्रमाचं वचन दिलं नाहीस ते मुद्दाम का?

गिरणाकाठ

मुद्दाम. बेरजेला लागत नाही म्हणून तुम्हीच म्हणालात.

धुळेकरीण

एक राहिलं. फिरत असताना कोणी खातं काढलं किंवा दुसऱ्या गटात हलवलं तर? वर्षअखेरीला बंद खाती काढणारे लूपमध्येच काढतात, हमखास. सातपुडाभाऊंनी सांगितलेली ओएस वॉकची दुसरी ओळ तुमच्या मसुद्यात नाही.

भुसावळ_जंक्शन

आत्ता तपासलं. प्रीऑर्डरमध्ये हातात असलेल्या गटाखालचं खातं काढलं तर चालतं, त्याची मुलं आपण नंतर वाचतो. पण ज्या यादीतून लूप चालू आहे त्यातलंच खातं काढलं तर पुढचं एक खातं गाळलं जातं, एरर पण येत नाही. फंक्शनच्या आत मुलांच्या यादीची कॉपी घेतो, मेमरीचा प्रश्न नाही, पतसंस्थेच्या ट्रीत पातळ्या असून असून किती असणार. आणि लिहितो की हातातलं खातं काढता येतं, पण फिरताना नवीन टाकलेलं खातं याच फेरीत दिसेल याची खात्री नाही.

सातपुड्याचा_वारा

हे चांगलं. जमलं तर पातळीप्रमाणे गट करून देणारं पण एक द्या, एनीट्री लायब्ररीत लेव्हल-ऑर्डर ग्रुप आयटर आहे तसं. आमच्या इथल्या संस्थेचे ऑडिटर आधी फक्त मुख्य गट मागतात, मग एक पातळी खाली, मग अजून एक.

गिरणाकाठ

ते पुढच्या व्हर्जनला घेऊ. इश्यू उघडून ठेवा, आणि ऑडिटरना प्रत्येक पातळीला बेरीज पण लागते का तेवढं त्यात लिहा. लागत असेल तर आधी दुसरं फंक्शन चालवून बेरजा नोडवर ठेवाव्या लागतील, मग पातळ्या.